नोकरी सांभाळून पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. : सांगलीतील एका अभ्यासकेंद्राचे परीक्षण

कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नोकरी करीत मी दूरशिक्षणाने पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेत आहे. सांगलीतील ज्या अभ्यासकेंद्रात माझा प्रवेश आहे, तेथील लेखी अभ्यासक्रमाबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. जल अधिनियम 1974, पर्यावरण संरक्षण अधिनियम 1986 आणि पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना यांवरील प्रकरणे इतकी सुटसुटीत आहेत की, शिफ्ट संपवून घरी आल्यावरही तासभर वाचन होते. उदाहरणे मात्र बहुतेक गंगा-यमुनेची आहेत. ही उणीव आमच्या मार्गदर्शक सरांनी भरून काढली. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत बाराही महिने मिसळत असेल, तर तिची प्रदूषणपातळी उन्हाळ्यात का वाढते आणि आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा ती का उतरलेली दिसते, या एका प्रश्नावर त्यांनी प्रवाह, विरलन (जास्त पाण्यात घाण पातळ होणे) आणि विरघळलेला प्राणवायू हे सारे शिकवले.

खरी अडचण प्रात्यक्षिकांची आहे. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत रविवारच्या सत्रात व्यवस्थित होते. 300 मिलीलीटरच्या बाटलीत एकही बुडबुडा राहू न देता नमुना भरायचा, रसायने घालून तपकिरी साका बसू द्यायचा, आम्लाने तो विरघळवायचा आणि ब्युरेटमधून थेंबथेंब थायोसल्फेट सोडत स्टार्चचा निळा रंग नेमका कोणत्या थेंबाला उडतो ते पाहायचे. हा थेंब स्वतः ओळखता येणे, यासाठीच तर प्रयोगशाळा असते. परंतु बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजण्याची, चाचणी आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. रविवारी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली बाटली बुधवारी उघडावी लागते आणि बुधवारी आम्ही सगळे आपापल्या कामावर असतो. त्यावर केंद्राने काढलेला तोडगा असा की, प्रयोगशाळा सहायक अनुमापन, म्हणजे ब्युरेटची ती थेंबथेंब मोजणी, करून आकडे व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि विद्यार्थी ते जर्नलमध्ये उतरवून घेतात. हे मला मुळीच पटलेले नाही. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लीटरला 30 मिलीग्रॅम आहे. ती पाळली जाते की नाही हे उद्या ज्यांनी ठरवायचे, त्यांनी दुसऱ्याचे आकडे आपल्या वहीत लिहिण्याची सवय लावून घेऊ नये.

वास्तविक उपाय फारसा खर्चिक नाही. गुरुवारी संध्याकाळी प्रयोगशाळा दोन तास उघडी ठेवली, तर तेव्हा भरलेली बाटली रविवारी सर्वांसमक्ष उघडता येईल. जत-आटपाडीकडच्यांना गुरुवारी येणे जमणार नाही, हे खरे. पण गट पाडले तर सांगली-मिरजेचे विद्यार्थी बाटल्या भरतील आणि शेवटचे अनुमापन प्रत्येकाच्या हातून होईल. हे मी केंद्राला लेखी कळवले आहे. पोचदेखील मिळालेली नाही. कार्यालयाचा एकूण कारभार असाच संथ आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

प्रक्रिया केंद्रात, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा खासगी प्रयोगशाळेत आधीपासून काम करणाऱ्यांनी येथे प्रवेश घेण्यास हरकत नाही, कारण हाताचे काम ते नोकरीतच शिकतात आणि त्यामागचे शास्त्र व कायदा त्यांना येथे चांगला मिळतो. नुकतीच बी.एस्सी. झालेल्यांनी मात्र, घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात नियमित प्रवेशासाठी आधी प्रयत्न करावा. तरीही दूरशिक्षणच घ्यायचे असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि बीओडीच्या बाटल्या कोणत्या वारी भरतात व कोण उघडते, हे स्पष्ट विचारावे.