नगरसेवक नावाची सेवा : पुणे महापालिकेपुरते परीक्षण

पुणे महापालिकेच्या हद्दीतील नागरिकाला नगरसेवक ही सेवा राज्यघटनेने देऊ केली आहे. कलम २४३ यू नुसार सभागृहाची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक व्हायला हवी. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. इतक्या प्रदीर्घ खंडामुळे या सेवेला पाचपैकी अडीचपेक्षा जास्त गुण देणे मला जमत नाही.

मधल्या काळात शहर बंद पडले नाही, हे खरे. कचरा उचलला जात होता, पाणीही पुण्यात जसे येते तसे येत होते. मात्र आयुक्तच प्रशासक असल्याने अंदाजपत्रक मांडणारे, स्थायी समितीच्या अधिकारात ते तपासणारे आणि मुख्य सभेच्या अधिकारात ते मंजूर करणारे अधिकारी एकच होते. अशा व्यवस्थेत प्रस्ताव झटपट मंजूर होतात, पण ‘हा खर्च कशासाठी?’ असे भर सभेत विचारणारा कोणी उरत नाही.

अर्थात नगरसेवक असतानाही तो प्रश्न फारसा विचारला जात होता असे नाही. अंदाजपत्रकातील ‘स’ यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातील कामे, हा या सेवेचा सर्वांत ठळक नमुना होय. पदपथावरील बाक, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, आणि प्रत्येकावर ‘यांच्या संकल्पनेतून’ असे ठसठशीत नाव. पैसा मात्र करदात्यांचा. सुस्थितीतील फरशा उखडून नव्या बसवल्या जातात, कारण गटाराची वाहिनी जमिनीखाली जाते आणि तिच्यावर नाव रंगवता येत नाही.

याहून मोठा दोष चार सदस्यांच्या प्रभागाचा आहे. सध्याच्या ४१ प्रभागांत १६५ जागा आहेत; एक प्रभाग पाच सदस्यांचा, बाकीचे सगळे चारचे. मतदाराने अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत द्यायचे असते, त्यामुळे बहुतेक लोक उमेदवाराऐवजी चिन्ह पाहून बटणे दाबतात. पुढे रस्त्याच्या खोदाईबद्दल विचारायला गेल्यावर चौघांपैकी जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. तिथला कारभार आदर्श आहे असे नव्हे, पण जाब कोणाला विचारायचा एवढे तरी ठाऊक असते.

तरीही अडीच गुण दिले, कारण जलवाहिनी फुटली असता ज्याचे दार सकाळी सात वाजता वाजवता येते असा माणूस या यंत्रणेत नगरसेवकच असतो. तक्रारीच्या ॲपवर ‘निराकरण झाले’ असा शेरा आला तर त्याच्याशी भांडता येत नाही. या सेवेचा पुरेपूर लाभ घ्यायचा असेल, तर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपल्या प्रभागाची पाने काढून ती सोबत घेऊन जावीत.