पाच लेअरचा ‘पेटंटेड’ मास्क, कातरीनं कापून बघितला (५ पैकी २ स्टार)

बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं फौंड्रीचं (ओतकामाचं) काम आहे, ग्राइंडर चालू झाला की वाळूची धूळ सगळी नाकातोंडात, म्हणून कामावरच्या पोरांसाठी खडे बाजारातनं ‘पेटंटेड फाइव्ह लेअर’ लिहिलेले पन्नास मास्क घेतले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा सेल्समन दारात, म्हणतोय, "सावकार, ते नका घेऊ वो, आमची कॉपी मारल्यात, केस घालणार आहोत." गंमत म्हणजे त्याच्या पाकिटावर पण पेटंटेडच, आणि पेटंट नंबर दोघांच्याही पाकिटावर नाही!

मग काय, दोन्ही टेबलावर ठेवून कापले. वडगावचा मेव्हणा लूमवर असतो, पदर बोटानं सुटे करत म्हणाला, "ताणा नाही बाणा नाही, ह्याला कापड कोण म्हणतंय?" नॉनवोव्हन ते, म्हणजे न विणता धागे दाबून चिकटवलेलं. बाहेर स्पनबॉन्ड म्हणजे जाड धाग्याचा मजबूत पदर, मधे मऊ पांढरा मेल्टब्लोन म्हणजे एकदम बारीक धाग्याचा, आत परत स्पनबॉन्ड, उरलेले दोन नुसते भरतीचे, उजेडात धरलं की पलीकडचं दिसतंय. खरं काम त्या मधल्याचं, त्याच्यावर स्थिर विजेचा चार्ज असतोय म्हणून बारीक धूळ ओढून धरतो, साबणात धुतला की चार्ज गेला. आणि आमची पोरं रोज धुवून तारेवर वाळत घालत होती, घ्या!

बरं भांडण कशावर, तर लेअरवर. अहो स्पनबॉन्ड-मेल्टब्लोन-स्पनबॉन्डचं पेटंट अमेरिकेत किंबर्ली-क्लार्क कंपनीला १९७७ लाच मिळालंय, ते संपून पण जमाना झाला, आपल्याकडं तर अर्जाच्या तारखेपासनं २० वर्षंच मुदत. भांडायचंच तर चार्ज कसा दिला, पदर कसे जोडले, त्यात नवीन काय केलं ह्यावर भांडा की. नुसता अर्ज टाकला म्हणजे पेटंट मिळालं असं पण नाही, आणि नसताना पेटंटेड छापलं तर पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंड आहे. पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतंय, मी दोन्ही कंपन्यांची नावं घालून बघितली, काही सापडलं नाही.

नाकावरची पट्टी चांगली आहे, तेवढ्याचे दोन स्टार. इलॅस्टिक तिसऱ्या दिवशी तुटलं, आणि पाकिटावर आयएस ९४७३ (धुळीच्या मास्कचं भारतीय मानक) किंवा एफएफपी२ (मास्क किती गाळतो त्याचा दर्जा) काहीच नाही, खरं तर घेताना मी तेच बघायला पाहिजे होतं. आता ते छापलेले दुसरे आणलेत, महाग पडले पण धूळ आत येत नाही.

उरलेले बत्तीस परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणतोय, "घेता येत नाही वो, पेटंटेड माल आहे."