कोरेगावच्या हवालदार सुतारांचे दुकान: एक चौकट, एक मेज आणि बलुत्याचा हिशेब

कोरेगाव तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या मुख्य दाराची चौकट वाळवीने खालून सव्वा फूट खाल्ली होती आणि उंबरा तर बोट टेकले तरी आत जात होता. शहरातील दोन ठेकेदारांनी घर पाहून एकच सल्ला दिला, की जुनी चौकट फोडून टाका आणि ग्रॅनाइटची बसवा. आईला तो मानवला नाही. शेवटी चुलतभावाच्या सांगण्यावरून मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना गावात सगळे ‘हवालदार’ म्हणतात. सैन्यातून निवृत्त झालेले हे सुतार. त्यांच्याकडून मी दोन कामे करून घेतली, चौकटीची दुरुस्ती आणि लिहिण्यासाठी तीन खणांचे एक सागवानी मेज. दोन्ही कामांना आता वर्ष होत आले असल्याने लिहायला हरकत नाही.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड आहे. दर्शनी पाटी नाही, काचेत मांडलेले नमुने नाहीत. आत शिरल्यावर मात्र डावीकडची भिंत पाहून माणूस थबकतो. वाकस, पटाश्या, रंधे, गिरमिटे, खतकस आणि गुण्या असे प्रत्येक हत्यार खुंटीला टांगलेले असून त्याच्यामागे भिंतीवर पांढऱ्या रंगाने त्याच्याच आकाराची रेघ काढलेली आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना एखादी रेघ रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत कोणीही घरी जात नाही, हवालदार स्वतःही नाहीत. यंत्रे दोनच आहेत, एक गोल करवतीचे आणि एक रंध्याचे. बाकी काम हातावर चालते.

याच भिंतीच्या टोकाला दोन मापे शेजारी शेजारी लावलेली आहेत. एक शिसवी गज असून त्यावर चोवीस तसूंच्या, म्हणजे गजाच्या चोवीस समान भागांच्या, खुणा कोरलेल्या आहेत. दुसरी इंचांची पोलादी पट्टी आहे. त्यांच्या घराचा इतिहास मला या दोन मापांवरूनच प्रथम कळला. पणजोबा गावकीचे सुतार होते, म्हणजे बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, गाडी असे सगळे त्यांच्याकडे असे आणि मोजणी गज-तसूची. पहिल्या महायुद्धात ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या लष्करी पलटणीत, भरती झाले आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. घरात अजूनही त्याला ‘बसऱ्याची लढाई’ असेच म्हणतात. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्कांनी कुट येथे डिसेंबर १९१५ पासून वेढले होते आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. पणजोबा तिकडे पोहोचले ते त्यानंतर, आणि त्यांच्या वाट्याला आले ते होड्यांच्या पुलांच्या फळ्या बदलण्याचे व होड्यांच्या सांध्यांतून येणारे पाणी बुजवण्याचे काम. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले तेव्हा ते हिवतापाने इस्पितळात होते. परत येताना त्यांनी ती पोलादी पट्टी आणली. गावात आल्यावर मात्र गिऱ्हाईक तसूंत बोले आणि पणजोबा इंचांत मोजत, त्यामुळे दोन्ही मापे शेजारी लावण्याची पद्धत पडली.

पणजोबांचे पदक हवालदारांनी मला एकदाच दाखवले, तेही मी विचारल्यावर. चांदीचे जड पदक आहे. पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही साले. कडेवर, नाण्याला जिथे दाते असतात तिथे, क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत उठवलेले आहे. घरातील बायका हे पदक कधीच देव्हाऱ्यात ठेवू देत नसत, कारण तो घोडेस्वार कपड्यांत नाही. सातारा जिल्ह्यात अशी पदके दुर्मीळ नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण त्याच युद्धात कामी आले आणि त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला. पण पदकाच्या शेजारी पणजोबांचा झिजलेला वाकसही त्याच कापडात गुंडाळून ठेवणारे घर मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

आजोबा सैन्यात गेले नाहीत. त्यांनी जन्मभर बाभळीच्या गाड्या केल्या. चाकाचा तुंबा, आरे, पाट्या आणि शेवटी लोहाराकडे जाऊन तापवलेली लोखंडी धाव चढवणे हे सगळे हवालदारांनी लहानपणी पाहिलेले असल्याने ते सांगताना त्यांचे हात आपोआप चालतात. धाव लाल असताना चाकावर बसवतात, वरून पाणी ओततात आणि ती आकसली की सारे सांधे करकचून आवळले जातात. त्या एका क्षणी आऱ्यात कुठे पोकळी राहिली असेल तर चाक ओरडते, असे ते म्हणतात. वडिलांच्या काळात गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि १९७२ च्या दुष्काळात तर लोकांनी बैलच विकले. ज्या घरात गाडी जन्माला येत असे, त्या घरातील सुताराने ती दोन वर्षे दुष्काळी कामांवरच्या टिकावांना आणि कुदळींना दांडे बसवण्यात काढली. स्वतः हवालदार १९८५ मध्ये पणजोबांच्याच बॉम्बे सॅपर्समध्ये सुतारकामाच्या ट्रेडवर भरती झाले आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर २००९ मध्ये घरी आले. त्यांच्याकडून शौर्यकथा ऐकण्याच्या इच्छेने कोणी जाऊ नये. ते बोलतात ते बेली पुलाबद्दल, म्हणजे पोलादी पॅनेल जोडून उभारायच्या लष्करी पुलाबद्दल: दहा फुटांचा एक पॅनेल, वजन सुमारे २६० किलो, उचलायला सहा माणसे, आणि सहांतला एक जरी घाईत असला तरी कोणाचे तरी बोट जाणार.

हा सगळा इतिहास परीक्षणात कशाला, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे, की तो त्यांच्या कामात रोज दिसतो. चौकट पाहायला ते आले तेव्हा वही घेऊन आले, प्रत्येक माप तीनदा घेतले आणि तिसरे माप पुतण्याकडून घेववले, स्वतःचे आकडे झाकून. अंदाजपत्रक लेखी दिले: चौकटीचे १८,५०० रुपये आणि मेजाचे ३२,०००. बिल त्याच आकड्यांचे आले, एक रुपयाही इकडेतिकडे नाही.

चौकटीचे काम पाच दिवस चालले. आधी वरच्या भिंतीला दोन टेकू दिले, मग दोन्ही उभ्या लाकडांचा किडका भाग तिरका कापून काढला आणि एका उतरवलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईतून कापलेले नवे पाय त्या तिरक्या कापावर जोडले. सांध्यात खिळा एकही नाही, बाभळीच्या खुंट्या आहेत. लाकडाच्या रेषा अशा जुळवल्या आहेत की पॉलिश झाल्यावर सांधा दाखवायला मला बोट फिरवावे लागते. लाकडाची खालची टोके त्यांनी डांबरात बुडवली आणि सिमेंटला टेकू न देता दगडी पट्टीवर उभी केली, कारण आधीची चौकट कुजली होती ती वाळवीच्या आधी ओलीने, आणि ती ओल आम्हीच वीस वर्षांपूर्वी दारात सिमेंटचा कोबा करून आत कोंडली होती. हे आम्हाला दोन्ही ठेकेदारांपैकी एकानेही सांगितले नव्हते. नवा उंबरा बसवण्याच्या आधी ते चपला काढून बाजूला उभे राहिले आणि आईचे हळदकुंकू होईपर्यंत हत्याराला शिवले नाहीत. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

मेजाबद्दल इतके निर्मळपणे लिहिता येत नाही. गुढीपाडव्याला मिळणार असलेले मेज अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावर मिळाले. अमावस्येला दुकान बंद असते हे मान्य, ती सुतारांची जुनी रीत आहे, पण लग्नसराईत त्यांनी तीन घरांचे पलंग मध्येच घेतले आणि मला कळवले नाही. दुसरी गोष्ट घडणीची. हवालदारांच्या डोक्यात मेजाचा एकच नमुना आहे आणि तो पलटणीच्या कचेरीतला आहे: जाड पाय, चौकोनी कडा, हत्ती बसला तरी मोडणार नाही असा. मी दिलेले बारीक पायांचे चित्र त्यांनी आदराने पाहिले, घडी घालून वहीत ठेवले आणि पाय जाडच केले. पॉलिशही त्यांना गडद तपकिरीच आवडते. लाख आणि स्पिरिटचे हलके पॉलिश हवे म्हणून मला दोनदा खेपा घालाव्या लागल्या. ज्यांना प्लायवूड-सनमायक्याचे आधुनिक स्वयंपाकघर हवे आहे त्यांनी येथे येऊ नये. ते काम त्यांचा मुलगा पिंपरीत यंत्रावर करतो, आणि वडील स्वतःच गिऱ्हाइकाला त्याचा नंबर देतात, तेही नाक न मुरडता.

जुलैत मधला खण अडकला. ओढला तर मेजच पुढे सरकू लागले. मी फोनवर जरा चढ्या आवाजातच तक्रार केली. ते दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आले, खण बाहेर काढला, कडेवरून अंगठा फिरवला आणि रंधा पिशवीतून काढलाच नाही. “आत्ता तासला तर उन्हाळ्यात खडखडंल. दिवाळीपातूर थांबा,” एवढे म्हणून त्यांनी खणाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासली आणि चहा घेऊन निघून गेले. मला ती टाळाटाळ वाटली. पण पावसाळा सरला, लाकूड आकसले आणि खण बऱ्याच अंशी आपोआप मोकळा झाला. दिवाळीच्या पाडव्यानंतर ते पुन्हा आले, डाव्या कडेवर रंध्याचे मोजून तीन हात मारले आणि कागदासारखी पातळ साल माझ्या हातावर ठेवली.

पैसे विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही वॉरंटी कार्डापेक्षा स्पष्ट वाटले. बलुत्याच्या काळात सुताराला खळ्यावर धान्य वर्षातून एकदा मिळे आणि त्या धान्यात वर्षभराची दुरुस्ती आलेली असे. नांगराचे जू मोडले, कुळवाची दांडी निसटली, तरी शेतकरी वेगळे काही देत नसे आणि सुतार मागत नसे. बलुते गेले तरी त्यांच्या दुकानात तोच हिशेब चालू आहे. नवे काम झाले की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत, त्याची जबाबदारी त्यांची. माझे मेज पाडव्यानंतर पोहोचले, तरी वहीत तारीख पाडव्याचीच होती, कारण वायदा तेव्हाचा होता. म्हणजे उशीर त्यांचा आणि महिनाभर कमी झाले ते माझे वर्ष. हे मी दाखवून दिल्यावर त्यांनी वही काढली, ती तारीख खोडली, शेजारी अक्षय्य तृतीया लिहिले आणि खाली सही केली.

काम देण्याआधी दोन गोष्टी सांभाळाव्यात. आकार आणि रंग दोन्ही लेखी ठरवून वहीत त्यांच्या समोर लिहून घ्यावेत, कारण वहीतले ते पाळतात, तोंडी सांगितलेले विसरतात. आणि तारीख ते सांगतील त्याच्या महिनाभर पुढची धरावी. मी झोपाळ्याच्या दोन तुळया आणि कड्यांचे काम नुकतेच लिहवून आलो आहे. वहीत माझा नंबर अकरावा आहे आणि या वेळी पायांचा प्रश्नच नाही.