बदलापूर पश्चिमेत घर घेऊन बावीस महिने: वापरानंतरचा अनुभव

ताबा मिळाला त्या आठवड्यात हे लिहायला बसले असते तर सगळं खिडकीबद्दलच लिहिलं गेलं असतं. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या हॉलमधून चंदेरीचा सुळका दिसतो. जुलैत पाऊस जरा उघडला की डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा मोजता येतात. डोंबिवलीत अकरा वर्षं भाड्याच्या वन आरकेत समोरच्या इमारतीची स्वयंपाकघरं बघत काढली, त्यामुळे या खिडकीचं अप्रूप मला आजही आहे. पण बावीस महिने राहिल्यावर सांगावंसं वाटतं ते दुसरंच. चाव्या हातात आल्या तेव्हा घर आमच्या नावावर झालं. आमचं झालं ते इमारतीची सोसायटी झाल्यावर. मधे तेरा महिने गेले. घर बघायला येणाऱ्याला त्या तेरा महिन्यांबद्दल कोणी काही सांगत नाही, म्हणून इतकं लांब लिहिते आहे.

आधी व्यवहाराचं. टू बीएचके, ५४६ चौरस फूट कार्पेट, करारनामा ३६ लाखांचा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखला, मिळालेलीच इमारत घ्यायची हे आम्ही आधीच ठरवलं होतं. त्यामुळे जीएसटी लागला नाही, आणि भाडं व हप्ता एकाच वेळी भरायची पाळी आली नाही. बदलापूरच का, तर डोंबिवलीत एवढ्या पैशांत आम्हाला आहे त्या जागेएवढीच जागा मिळत होती, आणि माझ्या यजमानांची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे. आमच्यासारखा हिशेब करून आलेले पुष्कळ भेटतात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती एक लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं.

पश्चिमेला घर घेताना एक गोष्ट आम्ही मनापासून तपासली आणि ती प्रत्येकाने तपासावी. उल्हास नदी याच बाजूने वाहते. २६ जुलै २००५ ला इथे पाणी भरलं होतं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते चित्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. साईटवरच्या मुलाने "इथे कधीच पाणी येत नाही हो" असं सांगितलं. आम्ही त्याचं ऐकून घेतलं, मग शेजारच्या जुन्या बैठ्या घरांतल्या एका आजींना विचारलं. त्यांनी २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ती भिंतच दाखवली. आमची इमारत त्या भिंतीपासून बरीच वर, चढावर आहे. मगच टोकन दिलं.

लोकलचं थोडक्यात सांगते, कारण ते रडगाणं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं ऑफिस दादरला. बदलापूरहून सुटणारी गाडी धरली तर सकाळी बसायला मिळतं, या घराचं हे खरं सुख. त्यासाठी पाच वाजता उठावं लागतं. दारापासून दारापर्यंत दोन तास दहा मिनिटं, पाऊस नसेल तर. संध्याकाळी कर्जत गाडीत ठाण्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. पण बायकांच्या डब्यातल्या आमच्या घोळक्याने मला पहिल्याच महिन्यात सामावून घेतलं. दसऱ्याला डब्याला तोरण बांधताना मीही होते. "कुठे उतरणार?" या प्रश्नावर चौथी सीट मिळते आणि त्याच प्रश्नातून ओळखी होतात. माझ्या मुलीची शाळा, सासूबाईंचा डॉक्टर, पोळ्यावाली, सगळं मला त्या डब्यातच समजलं. तिसरी-चौथी मार्गिका आणि चिखलोली स्टेशन मंजूर आहेत. ती होतील तेव्हा होतील, पण आजच्या गाड्यांवर प्रवास निभणार असेल तरच इथे घर घ्या.

आता घराचं. पहिल्या जूनमध्ये बेडरूमची पावसाच्या तोंडाची भिंत ओली झाली. आधी डाग, मग पोपडे, मग कपाटाच्या मागे बुरशी. बिल्डरच्या माणसाने बाहेरून काहीतरी चोपडलं आणि पंधरा दिवसांत डाग परत आला. मग मी पत्र लिहिलं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, सोबत तारखेसह फोटो जोडले. पाऊस संपल्यावर परांची बांधून ती बाजू नीट केली गेली, आणि हा पावसाळा भिंत कोरडी आहे. फोनवर केलेल्या बारा तक्रारींनी जे झालं नाही ते त्या एका कागदाने झालं. तुमचाही पहिला पाऊस असेल तर प्रत्येक डागाचा फोटो काढून ठेवा.

पण भिंत एका घराची असते. पाणी छप्पन्न घरांचं होतं.

पहिल्या मे महिन्यात आमच्याकडे आठवड्याला नऊ-नऊ टँकर येत होते. नळाला पाणी ठरावीक दोन तास यायचं आणि दुपारपर्यंत टाक्या रिकाम्या व्हायच्या. बदलापूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही, पारा चाळिशीच्या वर गेला की गच्चीखालच्या घरांतल्या भिंतींना हात लावून बघावा. त्यात अंघोळीला अर्धी बादली. टँकरचे पैसे दर रविवारी रोख गोळा व्हायचे, पावती नाही. पाणी कोण जास्त वापरतं यावरून मजल्या-मजल्यांत भांडणं सुरू झाली. भाडेकरूंनी बादल्या भरून ठेवल्या म्हणून एका ताईंचा जिन्यात पाणउतारा झाला, तो मी ऐकला आणि रात्रभर मला झोप आली नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कोणाशीही न भांडता दोनशे पानी वही घेतली आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. टँकर किती वाजता आला, किती लिटरचा, नळाचं पाणी कधी सुरू झालं, कधी गेलं, टाकी किती इंच चढली, सगळं लिहिलं. आठव्या दिवशी त्यांनी वही उघडून दाखवली: नळाला पाणी पूर्ण दोन तास येत होतं, पण जमिनीखालची टाकी त्या वेळात निम्मीसुद्धा भरत नव्हती. झाकण काढून पाहिलं तर बॉल वॉल्व्ह अडकलेला, अर्धवटच उघडत होता. बाराशे रुपयांत तो बदलला. पुढच्या आठवड्यात तीन टँकर लागले.

वॉल्व्ह बदलला त्याच रात्री गच्चीवर पहिली सभा झाली. छप्पन्नपैकी एकोणीस घरं आली. चटया टाकून बसलो, काकांनी वही वाचली, आणि सोसायटी आपणच पाठीमागे लागून करून घ्यायची असं ठरलं. रेराप्रमाणे बहुसंख्य घरांचं बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत ती करून द्यायची जबाबदारी बिल्डरची असते. आमच्या इमारतीत सगळी घरं विकून वर्ष होत आलं होतं. पत्रं लिहिली. दारोदारी फिरून सह्या घेतल्या. सातव्या मजल्यावरच्या दोन मालकांच्या सह्यांसाठी एकदा नाशिकला आणि एकदा चिपळूणला माणूस पाठवला. प्रत्येकाने शंभर रुपये प्रवेश फी आणि पन्नास रुपयांचा एक असे दहा भाग, म्हणजे पाचशे भरले. डिसेंबरात नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित असं खाली लिहिलेली पाटी फाटकावर लागली तेव्हा काकांनी नारळ फोडला आणि माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना शिरा केला.

मी एका ऑफिसात हिशेबाचंच काम करते, म्हणून खजिनदारपण माझ्याकडे आलं. ताबा देताना प्रत्येकाकडून दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ घेतला गेला होता. त्यातलं किती उरलं, हे बिलांसकट मिळवायला चार पत्रं आणि पाच महिने लागले. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला मी लिफ्टशेजारच्या फळ्यावर हिशेब लावते: पंपाची वीज, लिफ्टचा करार, वॉचमन, सफाई, टँकर, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण). घरटी २३०० रुपये. सिंकिंग फंडाला सुरुवातीला विरोध झाला, नवीन इमारतीला कशाला म्हणून. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला ठेवायचा असतो. वीस वर्षांनी लिफ्ट बदलायची वेळ येईल तेव्हा आपल्यातले निम्मे पेन्शनवर असतील, असं काकांनी सांगितलं आणि हात वर झाले. हिशेब फळ्यावर लागायला लागल्यापासून जिन्यातली कुजबुज थांबली. या बावीस महिन्यांत केलेल्या कामांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

सगळ्यात कठीण सभा भाडेकरूंवरून झाली. एकवीस घरं भाड्याने दिलेली आहेत. काही सभासदांचं म्हणणं होतं की त्या मालकांकडून दुप्पट देखभाल घ्या, आणि भाडेकरूंना गणपतीच्या मंडपात नावनोंदणी नको. मालक स्वतः राहत नसलेल्या घराचं जादा शुल्क, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१ सालापासून तसा शासनाचा आदेश आहे, हे मी कागद घेऊन दाखवलं. पैशांचं तिथे मिटलं. मंडपाचं मिटायला आणखी दीड तास लागला. मी स्वतः अकरा वर्षं भाडेकरू होते. दर अकरा महिन्यांनी घर सोडायचं की नाही या धास्तीत राहणाऱ्या माणसाला निदान आरतीत तरी परकं ठरवू नये, एवढंच मी म्हणाले, आणि बोलताना माझा आवाज कापत होता. ठराव मंजूर झाला. या वर्षी आमच्या गणपतीची मखर जळगावकडच्या एका भाडेकरू दादांनी केळीच्या सोपटांची केली.

आणि जुलैतली ती रात्र. उल्हासची पातळी चढत होती, इथे १७.५० मीटर ही धोक्याची खूण आहे, आणि पावसाळ्यात तो आकडा आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतो. नदीकडच्या रमेशवाडी, हेंद्रेपाड्याकडून फोन यायला लागले. आमच्या आवारात पाणी आलं नाही, पण खालच्या गल्लीतल्या बैठ्या घरांत शिरलं. आदल्या वर्षी असं झालं असतं तर आम्ही खिडकीतून बघत बसलो असतो, एकमेकांचे नंबरसुद्धा नव्हते. त्या रात्री साडेअकराला पार्किंगमधल्या गाड्या चढावर नेऊन लावल्या, सतरंज्या टाकल्या, आणि सात कुटुंबं आमच्याकडे आली. त्यांत त्या भिंत दाखवणाऱ्या आजीही होत्या. त्यांना पाठीवर घेऊन आणलं ते चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलाने. पहाटेपर्यंत तीन कुकर खिचडी झाली.

त्या आजी आगरी, त्यांचं घर इथल्या सगळ्या टॉवरांच्या आधीचं. त्यांनी मला शेवळांची, म्हणजे पावसाळी रानभाजीची, भाजी शिकवली. काकडं, ती आंबट रानफळं, घातल्याशिवाय करायची नाही, नाहीतर घसा खाजतो. जूनच्या सुरुवातीला डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी बायका स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, करवंदं, पानांच्या द्रोणातली जांभळं घेऊन बसतात. बदलापूरच्या जांभळांची चव घेतल्याशिवाय इथली घरं बघायला येऊ नका. त्या बायकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस मात्र करू नये, त्या पहाटे किती चालून येतात ते मी आता ओळखते.

बाकी झटपट. रात्री दहानंतर स्टेशनहून शेअर रिक्षा मिळत नाही. वळवाच्या पावसात वीज जातेच, लिफ्टला बॅकअप आहे का ते घेण्याआधी विचारा. किरकोळ आजारांना दवाखाने पुरेसे आहेत, पण सासूबाईंना रात्री छातीत दुखलं तेव्हा आम्ही उल्हासनगर गाठलं, तेवढा वेळ हाताशी धरून ठेवा. मोकळं पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकत असतील तर देऊ नका, ती सोसायटीची सामाईक जागा असते. आणि घर बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटच्या आधी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायला सांगा.

परत घेईन का? हो, हेच घर, याच लोकांबरोबर.

कन्व्हेयन्स अजून बाकी आहे, म्हणजे इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. बिल्डर करून देईना तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी काकांनी नवी वही घेतली आहे. नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र जमा झालंय. छप्पन्नपैकी एक्कावन्न घरांची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आली आहे. उरलेली पाच मागायला मी आणि काका येत्या रविवारी निघतो आहोत, तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे.