पोलंडमध्ये जुनं सामान विकताना येणारी ‘पैसे स्वीकारा’ लिंक

व्रोत्सवाफ, क्राकूफ किंवा वॉर्सामध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणारी मराठी मंडळी घर बदलताना किंवा भारतात परतताना टेबल, सायकल, मॉनिटर, बाळाची ढकलगाडी ओएलएक्सवर विकायला टाकतात. तिथली पोलिश कुटुंबंही तेच करतात. जाहिरात टाकल्यावर काही मिनिटांतच व्हॉट्सअॅपवर कुणी विचारणा करू लागलं, तर तो गिऱ्हाईक नसण्याचीच शक्यता जास्त. या फसवणुकीत गळाला विकणारा लागतो. आपण पैसे देणार नसून घेणार आहोत, मग धोका कसला, या समजुतीमुळे तो बेसावध असतो.

पुढे दिलेला क्रम कुणा एकाची कहाणी नाही. हा सापळा पोलंडमध्ये अनेक वर्षं जवळजवळ याच पायऱ्यांनी लावला जातोय. पायऱ्या ओळखीच्या झाल्या की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तरी थांबता येतं.

आधी तिथली खरेदीची सवय समजून घ्यायला हवी, कारण सगळा डाव तिच्यावरच चालतो. नव्या वस्तूंसाठी पोलिश माणूस बहुधा आधी अलेग्रो उघडतो. ही बाजारपेठ १९९९ मध्ये पोझनान शहरात सुरू झाली. जुन्या सामानासाठी ओएलएक्स, वापरलेल्या कपड्यांसाठी विंटेड. पार्सल घरी मागवण्यापेक्षा ‘पाचकोमात’मध्ये मागवायची फार सवय आहे. पाचकोमात म्हणजे चौकाचौकांत, दुकानांच्या भिंतींना लागून उभी असलेली इनपोस्टची पार्सलची कपाटं. फोनवर सहा अंकी कोड येतो, तो आणि आपला फोन नंबर टाकला की खण उघडतो. पार्सल ४८ तासांत उचलायचं असतं. पैसे द्यायचे ‘ब्लिक’ने. ही सोय २०१५ मध्ये बँकांनी एकत्र येऊन सुरू केली. बँकेच्या अॅपमध्ये सहा अंकी कोड दिसतो, तो दोन मिनिटं चालतो, दुकानाच्या पानावर टाकायचा आणि मग अॅपमध्ये मंजुरी द्यायची.

म्हणजे एसएमएस, लिंक, सहा अंकी कोड, अॅपमधली मंजुरी हे सगळं तिथे रोजचं. माणूस न वाचता बोट दाबतो. चोराला एवढंच पुरतं.

आता सापळा. पहिला निरोप साधा असतो: ‘नमस्कार, जाहिरात अजून चालू आहे का?’ किंमत कमी करा म्हणत नाहीत, मोजमाप विचारत नाहीत, जास्तीचा फोटो मागत नाहीत. खरं गिऱ्हाईक यातलं एक तरी हमखास करतं. मग निरोप येतो की मी ओएलएक्सच्या पार्सल सेवेतून घेतो, तुम्हाला कुठे जायला नको, कुरिअर घरी येईल. थोड्या वेळाने स्क्रीनशॉट येतो: पैसे भरले गेलेत. सोबत लिंक: इथे जाऊन पैसे स्वीकारा.

लिंकवरचं पान हुबेहूब असतं. तुमच्याच जाहिरातीचा फोटो, तुमचीच किंमत, खाली ‘पैसे स्वीकारा’ असं बटण. चोराला त्यासाठी हाताने काही करावं लागत नाही. टेलिग्रामवरच्या टोळ्यांकडे बॉट असतात. मूळ जाहिरातीचा पत्ता दिला की बॉट मिनिटाभरात असं पान बनवून देतो. सायबर सुरक्षेतल्या लोकांनी या प्रकाराला ‘क्लासिस्कॅम’ असं नाव दिलंय, आणि पोलंड या टोळ्यांच्या सुरुवातीच्या लक्ष्यांपैकी एक होता.

बटण दाबलं की पान कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक मागतं. इथे थांबावं. पोलंडमध्ये कुणाला बँकेतून पैसे पाठवायचे तर त्याचा २६ अंकी खातेक्रमांक पुरतो. कार्डाच्या मागचे तीन अंक फक्त पैसे काढून घेण्यासाठी लागतात. काही पानं याच्या पुढे जाऊन ‘खात्यात सध्या किती शिल्लक आहे’ तेही विचारतात आणि कारण देतात ‘पडताळणी’चं. त्या आकड्यावरून चोर ठरवतो की या खात्यातून किती काढायचं आणि या माणसावर किती वेळ घालवायचा. कुठलीही खरी सेवा शिल्लक विचारत नाही.

कार्डाचे तपशील दिल्यावर एसएमएसने कोड येतो किंवा बँकेचं अॅप मंजुरी मागतं, आणि सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. पुष्कळदा ही मंजुरी एखाद्या खरेदीची नसते. ती असते तुमचं कार्ड चोराच्या फोनमधल्या गूगल पे किंवा अॅपल पेमध्ये जोडण्याची. एकदा जोडलं गेलं की पुढच्या व्यवहारांना तुमची परवानगी लागत नाही; तो दुकानात फोन टेकवून खरेदी करत राहतो. एसएमएसमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण पोलिशमध्ये. पोलिश न येणारा माणूस त्यातले फक्त अंक बघतो. म्हणून एक सवय लावून घ्या: बँकेचा प्रत्येक एसएमएस भाषांतराच्या अॅपमध्ये टाकून पूर्ण वाचल्याशिवाय त्यातला कोड कुठेही टाकायचा नाही. शक्य असेल तर बँकेच्या अॅपची भाषा इंग्रजी करून ठेवा. अनेक पोलिश बँकांत ही सोय आहे.

दुसऱ्या प्रकारच्या पानावर कार्डाऐवजी बँकांचे लोगो मांडलेले असतात. आपल्या बँकेचा लोगो दाबला की लॉगिनचं पान, मग पासवर्ड, मग पेसेल क्रमांक (पोलंडमधला सरकारी ओळख क्रमांक), मग आईचं माहेरचं आडनाव. एवढी माहिती मिळाली की चोर स्वतःच्या फोनवर तुमच्या नावाने बँकेचं अॅप चालू करतो आणि तुम्हाला आलेला कोड त्यासाठीच वापरतो. मग तो शिल्लक नेतोच, वर अॅपमधून दोन मिनिटांत मिळणारं कर्जही काढतो. कार्ड गेलं तर कार्डापुरतं नुकसान. इथे खातंच हातातून जातं.

तुम्ही घुटमळलात तर पानाच्या कोपऱ्यात ‘मदत कक्षा’ची गप्पांची खिडकी उघडते आणि पलीकडचा माणूस घाई करतो: ऑर्डर रद्द होईल, गिऱ्हाइकाचे पैसे अडकलेत, पहिला कोड चुकला, दुसरा टाका. दुसरा कोड म्हणजे दुसरी चोरी.

यूपीआय वापरणाऱ्या मराठी वाचकाला हे चटकन कळेल: पैसे घ्यायला पिन लागत नाही, तसंच पैसे घ्यायला ब्लिकचा कोड लागत नाही. ब्लिकचा सहा अंकी कोड खरेदीसाठी नाहीतर एटीएममधून रोख काढण्यासाठी असतो. कुणी ‘कोड पाठव, मी त्यावर पैसे टाकतो’ म्हणालं तर तो बहुधा एटीएमसमोर उभा असतो. दोन मिनिटांची मुदत असल्याने तो तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही. कोड सांगितला तरी शेवटचा अडसर तुमच्याच हातात असतो: मंजुरीच्या पडद्यावर रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘विपवाता’ (रक्कम काढणे) किंवा ‘बान्कोमात’ (एटीएम) दिसलं तर रोख निघते आहे असं समजा आणि नकार दाबा. फेसबुकवरच्या ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ‘थोडे पैसे हवेत, ब्लिक कोड दे’ असा निरोप येतो तोही याच जातीचा. त्या माणसाचं खातं आधीच चोरलेलं असतं. त्याला फोन करून आवाज ऐका, निरोपाला उत्तर देऊ नका.

खरी पार्सल सेवा कशी चालते हे माहीत असलं तर खोटी लगेच उघडी पडते. ओएलएक्सवर गिऱ्हाईक जाहिरातीतूनच खरेदीचं बटण दाबतं. सूचना तुमच्या ओएलएक्स अॅपमध्ये येते, व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलमधल्या लिंकवर नाही. तुम्ही ऑर्डर मंजूर करता, पार्सल पाठवता, गिऱ्हाईक ते उचलतं, आणि त्यानंतरच पैसे तुमच्याकडे येतात. म्हणजे ‘आधी पैसे घ्या, मग पाठवा’ हा क्रमच मुळात चुकीचा आहे. शंका आली तर लिंक बाजूला ठेवून स्वतः अॅप उघडा आणि तिथे ऑर्डर आहे का बघा. नसेल तर ऑर्डर नाहीच.

आणखी एक कसोटी मापाची. पाचकोमातचा सर्वांत मोठा खण ४१ × ३८ × ६४ सेंटिमीटरचा आणि वजनाची मर्यादा २५ किलो. कपाट, सोफा किंवा पूर्ण आकाराची सायकल ‘मी पाचकोमातने मागवलीय, पैसे भरलेत’ असं कुणी सांगितलं तर त्याने तुमची जाहिरात वाचलेलीच नाही.

काही जण लिंक पाठवत नाहीत, पीडीएफ पाठवतात: बँकेतून पैसे पाठवल्याची पावती. ती बनवायला पाच मिनिटं लागतात. पोलंडमध्ये दुसऱ्या बँकेत साधा ट्रान्सफर एलिक्सिर व्यवस्थेतून ठरावीक वेळांना आणि फक्त कामाच्या दिवशी जातो. म्हणून हे लोक शुक्रवारी संध्याकाळी पावती दाखवतात, ‘सोमवारी जमा होईल’ म्हणतात आणि वस्तू शनिवारीच मागतात. उत्तर सोपं आहे: मोबाइल नंबरवर ब्लिक ट्रान्सफर करा, तो तेव्हाच दिसतो, नाहीतर सोमवारी या. खरा माणूस यावर चिडत नाही.

पार्सलच्या नावाने येणारे एसएमएस थोडक्यात: ‘पत्ता अपुरा’, ‘वजन जास्त, १ झ्वॉटी ५० ग्रोशे भरा’. रक्कम मुद्दाम क्षुल्लक ठेवतात. पुढचं पान पेयू किंवा प्शेलेवी२४ या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवांसारखं दिसतं आणि पुन्हा तेच लॉगिन मागतं. तिथे प्रत्येकाचं काहीतरी पार्सल येणार असतंच, म्हणून हा निरोप खरा वाटतो. पार्सल कुठे आहे ते सेवेच्या अॅपमध्येच बघा. संशयास्पद एसएमएस ८०८० या क्रमांकावर फॉरवर्ड करा. तो सर्ट पोल्स्का या पोलंडच्या सायबर सुरक्षा पथकाकडे जातो, आणि त्यांच्या धोक्याच्या यादीत साइट चढली की पोलंडमधल्या मोठ्या फोन कंपन्यांच्या जाळ्यात ती उघडत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक incydent.cert.pl या पानावर नोंदवता येते.

विकत घेताना दुकान खोटं आहे का, हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. पानाच्या तळाशी कंपनीचा दहा अंकी निप, म्हणजे कर क्रमांक हवा. तो एका माणसाच्या व्यवसायाचा असेल तर सेइद्ग नोंदवहीत, कंपनीचा असेल तर केआरएस नोंदवहीत शोधा. दोन्ही फुकट आहेत. नाव जुळतं, पण व्यवसाय ‘गवंडीकाम’ असा निघतो आणि दुकान फोन विकतंय, असंही होतं, कारण चोर दुसऱ्याचा निप उचलतात. दुकान फक्त बँक ट्रान्सफर घेत असेल, तर व्हॅट भरणाऱ्यांच्या ‘पांढऱ्या यादी’त तो खातेक्रमांक त्या निपखाली आहे का बघा. नसेल तर पैसे पाठवू नका. सवलतीच्या किमतीशेजारी मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत लिहिणं १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. ती नसणं हीसुद्धा एक खूण. आणि दूरवरून केलेली खरेदी १४ दिवसांत परत करायचा हक्क व्यावसायिक विक्रेत्याविरुद्धच चालतो. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला तो नाही.

फसवणूक झालीच तर पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. चोराशी भांडण्यात तो घालवू नका. आधी बँकेला फोन. नंबर हाताशी नसेल तर कार्डासाठी ८२८ ८२८ ८२८ हा बहुतेक पोलिश बँकांचा सामाईक क्रमांक आहे. कार्ड तात्पुरतं बंद करून भागत नाही, कायमचं रद्द करा. नाहीतर पुन्हा चालू केल्यावर चोराच्या फोनमधलं कार्डही जिवंत होऊ शकतं. बँकेला तीन गोष्टी नावानिशी सांगा: इंटरनेट बँकिंग थांबवा, माझ्या खात्याला जोडलेली सगळी नवी उपकरणं काढा, माझ्या नावाने आज कर्जाचा अर्ज आलाय का ते बघा. पेसेल दिला असेल तर तोही गोठवा. कुठल्याही ग्मिना (स्थानिक पालिका) कार्यालयात जाऊन हे होतं, आणि १ जून २०२४ पासून कर्ज देण्याआधी पेसेल गोठवलाय का हे तपासणं बँकांवर बंधनकारक आहे.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘बँकेच्या सुरक्षा विभागा’तून फोन येऊ शकतो. नंबरही बँकेचाच दिसेल. तो म्हणेल, उरलेले पैसे सुरक्षित ‘तांत्रिक खात्या’त हलवा. असं खातं नसतं. फोन ठेवा आणि बँकेच्या कार्डावरचा नंबर स्वतः फिरवा. दिसणारा नंबर खोटा पाडता येतो, तुम्ही फिरवलेला नाही.

मग पोलीस. जवळच्या कोमिसारियातमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्यात, दंडसंहितेच्या कलम २८६ खाली तक्रार होते. पोलिश येत नसेल तर दुभाषी मागता येतो. सोबत न्यायच्या गोष्टी: गप्पांचे स्क्रीनशॉट नंबर दिसेल असे, लिंकचा पूर्ण पत्ता, आलेले एसएमएस, खात्याचा उतारा, जाहिरातीचा क्रमांक. गप्पा पुसू नका, आणि चोराने ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करण्याआधी स्क्रीनशॉट काढून घ्या.

शेवटी बँकेकडे लेखी तक्रार. १९ ऑगस्ट २०११ च्या देयक सेवा कायद्यातल्या कलम ४६ प्रमाणे, तुम्ही मंजूर न केलेल्या व्यवहाराचे पैसे बँकेने पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत परत करायचे असतात. बँका बहुधा लिहितात की व्यवहार योग्य कोडने झाला, म्हणून तुम्हीच मंजूर केला. योग्य कोड टाकला जाणं आणि तुम्ही त्या व्यवहाराला संमती देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड चोराच्या फोनमध्ये जोडलं गेलं आणि खरेदी त्याने केली, तर हा मुद्दा तक्रारीत ठळक मांडा: मी या दुकानातल्या या रकमेला संमती दिलेली नाही. ब्लिकची रक्कम वाचून स्वतः मंजूर केली असेल, तर बाजू बरीच कमजोर होते. तक्रारीचं उत्तर १५ कामाच्या दिवसांत, गुंतागुंतीच्या प्रकरणात ३५ कामाच्या दिवसांत यायला हवं. नकार आला तर ते पत्र जपून ठेवा. जेच्निक फिनान्सोवी, म्हणजे वित्तीय लोकपालाकडे अर्ज करताना तेच पहिलं जोडपत्र लागतं.