"काकू, तुमची कंपनी तर विकली गेली"

थंडी सुरू झाली की नागपुरात गीझर दुरुस्तीवाल्यांची वर्दळ वाढते. त्यातल्याच एकाने डिसेंबरात भरदुपारी प्रतापनगरच्या घरी एकट्या असलेल्या आमच्या आईला गाठलं. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक, बोलणं अदबीचं. "काकू, तुमच्या गीझरची कंपनी विकली गेली. नव्या मालकाने जुनी मॉडेलं बंद केली, पार्ट मिळणार नाहीत. एक्स्चेंजमध्ये द्या, साडेचार हजारांत नवा बसवून देतो. पाच वर्षांची वॉरंटी."

आईला ते पटलं, कारण कंपन्या विकल्या गेल्याचे त्याने दिलेले दाखले खरे होते. तिचा निम्मा संसार केल्व्हिनेटरच्या फ्रिजवर झाला. त्या कंपनीचा फरिदाबादचा कारखाना नव्वदच्या दशकात व्हर्लपूलने घेतला, नाव मात्र वेगळ्याच वाटेने फिरत राहिलं आणि २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलकडे आलं. लॉइड २०१७ मध्ये हॅवेल्सने घेतली. फिलिप्सने घरगुती उपकरणांचा व्यवसाय २०२१ मध्ये हिलहाउस या गुंतवणूकदार कंपनीला विकला. डब्यावर फिलिप्स हे नाव परवान्याने चालू आहे. आपल्या चाकणला गीझर बनवणारी रॅकोल्डही इटलीच्या अ‍ॅरिस्टन समूहाची आहे. म्हणजे कंपन्या विकल्या जातात, नावं एकीकडे आणि कारखाने दुसरीकडे जातात, हे सगळं खरं. पण म्हणून कोणी दारात येऊन रोख पैसे मागत नाही आणि चालू गीझर उचलून नेत नाही. आमच्या गीझरची कंपनी तर आजही सुरू आहे. तिच्या अधिकृत केंद्रात विचारलं, पार्ट मिळतात आणि असा माणूस त्यांनी पाठवलाच नव्हता.

त्याला खरं तर हवा होता तो जुना गीझर. आतली टाकी तांब्याची होती. भंगारात तांब्याला किलोमागे काहीशे रुपये मिळतात, हे आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नवा गीझर त्या इलेक्ट्रिशियननेच उघडून दाखवला. बाहेर एका जुन्या, ओळखीच्या ब्रँडचं चकचकीत स्टिकर. खालच्या पट्टीवर क्षमता, २००० वॉट आणि आयएसआयचं चिन्ह. पण त्या चिन्हाखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांकच नाही. 'निर्माता' या शब्दापुढे कारखान्याचा पत्ता नाही, नुसता एक मोबाइल नंबर. जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेलाच नव्हता आणि अर्थिंगची वायर आत कुठेही न जोडता मोकळी सोडलेली. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण माझी आई रोज सकाळी त्या गीझरखाली आंघोळ करत होती, हे मला सहनच होत नाही. गीझर त्याच दिवशी उतरवला.

पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचा पत्ता सीताबर्डीचा, पण तिथे त्या नावाचं दुकानच नाही. फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांतही अर्ज दिला. पण ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि नेमका तोच नाही.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर गीझरला हात लावू देण्याआधी नव्या गीझरच्या पट्टीवरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, लगेच दिसतं. कंपनीचा नंबर त्या माणसाकडून घेऊ नका, तुमच्या जुन्या बिलावरचा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचाच लावा. आणि अशीच पावती कोणाकडे असेल तर फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. चार घरांचे अर्ज आले तर तपास पुढे सरकेल.