फ्रेंच मुलांसाठीची इंग्रजी सराववही: घ्या, पण ‘एनी’चं पान सोडून द्या

मूल फ्रेंच शाळेत शिकत असेल तर ही वही जरूर घ्या. पुण्या-मुंबईच्या भाच्याला पाठवायच्या भानगडीत मात्र पडू नका. फ्रेंच बोलणारा माणूस इंग्रजीत कुठे घसरतो, एवढंच डोळ्यासमोर ठेवून ती लिहिली आहे. विषयही नेमका एकच: समबडी, एनीथिंग, नोबडी, एव्हरीवन ही सगळी मंडळी.

आम्ही फ्रान्समधल्या टूलूजला राहतो. लेक कोलेजात, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत आहे. घरी मराठी बोलतो, पण इंग्रजी बोलायला लागला की मागून फ्रेंच डोकावतं. ‘आय डोन्ट नो नोबडी’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. फ्रेंच नकार दोन तुकड्यांत येतो: क्रियापदाआधी ‘न’ आणि पुढे ‘पेर्सॉन’ (नोबडी) किंवा ‘रियँ’ (नथिंग). मुलं ते दोन्ही तुकडे इंग्रजीत उतरवतात. वहीतला उपाय मला फार आवडला. गप्पा मारताना फ्रेंच लोक तो ‘न’ सर्रास गिळतात. तेव्हा इंग्रजीतही बोलल्यासारखा एकच नकार ठेवा, असं ती सांगते. नियम पाठ करायची गरजच नाही.

‘समथिंग ऑफ गुड’वरही एक झकास पान आहे. फ्रेंचमध्ये ‘केल्क शोज’ (काहीतरी) आणि विशेषणाच्या मध्ये ‘द’ (ऑफ) लागतो, तो इथे काढून टाकायचा. आपल्याला ही अडचण नाहीच, ‘काहीतरी चांगलं’ म्हटलं की झालं. ‘ओं’ (कोणीही, लोक अशा अर्थाचं) या सर्वनामालाही स्वतंत्र धडा दिला आहे. दुकानाच्या काचेवर ‘इसी ओं पार्ल आंग्ले’ असं लिहिलेलं असतं, त्याचं ‘इंग्लिश इज स्पोकन हिअर’ कसं होतं, हे उदाहरणांनी दाखवलंय. या एका धड्यासाठीही पैसे वसूल.

‘एव्हरीबडी इज’ फ्रेंच मुलांना विनासायास येतं, कारण ‘तू ल मोंद’ (सगळे) एकवचनी आहे. आपण ‘सगळे आले’ म्हणणारे, त्यामुळे ‘एव्हरीबडी आर’ आपल्याकडे जास्त ऐकू येतं. पण त्याच धड्यात ‘एव्हरीवन हॅज देअर बुक’ हे चूक ठरवून ‘हिज ऑर हर’ लिहायला सांगितलंय, ते आता कोण बोलतं? तेवढं उत्तर मी पेनानं खोडलं.

आता ते ‘एनी’चं पान. होकाराला सम, प्रश्नाला आणि नकाराला एनी, असा चौकोनी तक्ता. मग ‘वुड यू लाइक समथिंग टु ड्रिंक?’ कुठे बसवायचं? आणि ‘एनीवन कॅन कम’? फ्रेंचमध्ये त्यासाठी ‘नँपोर्त की’ (कोणीही) हा सरळ शब्दप्रयोग आहे, पण वही त्याचं नावही काढत नाही. शेवटी तो तक्ता बाजूला ठेवून लेकाला मराठीच दिली: कोणीतरी आलं, कोणी आलं का, कोणीही येऊ दे.

“आणि कोणीच आलं नाही?” त्यानं विचारलं.

तिथे मात्र मराठीवर विसंबू नये. ‘कोणीच’मध्ये नकार नाही, तो ‘नाही’त आहे, म्हणून आपल्याकडचे लोक ‘एनीबडी डिडन्ट कम’ म्हणून मोकळे होतात. त्याला म्हटलं, इथे तुझं फ्रेंच वापर, ‘पेर्सॉन’ वाक्याच्या सुरुवातीला आला की ‘नोबडी’ लिही आणि पुढचा नकार उडव.

बाकी तक्रारी किरकोळ. उत्तरं शेवटी आहेत, पण चुकलं तर का चुकलं ते कुठेच नाही, म्हणजे पालकाला बसावं लागतं. कागद पातळ, खोडरबर जपून वापरावा लागतो. याच मालिकेत अव्ययांची वहीही आहे. ती घेण्याआधी या वेळी दुकानात उभं राहून उत्तरांची पानं चाळणार आहे.